वितळलेले वाटाणे

“मेलेल्या माणसाला बर्फावर ठेवतात, डॉक्टर. मी अजून बसलेय तुमच्यासमोर!”

सासूबाईंनी पर्स मांडीवर घट्ट धरली. लिव्हरमधली गाठ मोठ्या रक्तवाहिनीला खेटून आहे, कापून काढता येणार नाही, इथपर्यंत त्यांना पटलं होतं. पण सुई घालून ती गोठवायची? इतकी वर्षं स्वयंपाकघर सांभाळून त्यांना एवढं पक्कं ठाऊक होतं, की थंडीत वस्तू टिकते. मग गाठही टिकेल. ही नुसती म्हातारीची समजूत घालणं चाललंय.

शिवाय कुठेतरी पाणी मुरत होतं. मुलगा सकाळपासून नजर चुकवत होता. सून मघाशी काचेच्या दारामागे डॉक्टरांशी कितीतरी वेळ कुजबुजत होती आणि बाहेर आल्यापासून भलतीच गोड बोलत होती. एरवी दोघींचा छत्तीसचा आकडा. गेल्या उन्हाळ्यात लाईट गेली, फ्रीजरमधले वाटाणे वितळले आणि सुनेने ते तसेच परत गोठायला ठेवले. सासूबाईंनी अख्खी पिशवी कचऱ्यात टाकली. वर ती हकिकत येणाऱ्या-जाणाऱ्याला तिखटमीठ लावून सांगितली. अशी सून उगाच गोड बोलत नाही. दोघांनी आपली आशा सोडलीय, याची त्यांना खात्रीच पटली.

“मी घरी जाते,” म्हणत त्या उठल्या. थेट दारापर्यंत गेल्या.

“डॉक्टर, मघाशी मला सांगितलंत ते आईंनाही सांगा ना,” सून घाईघाईने म्हणाली.

“एकदा गोठवून भागत नाही, आजी. गोठवतो, वितळू देतो आणि परत गोठवतो.”

सासूबाई थबकल्या.

“आई, वितळलेलं परत गोठवलं की काय होतं?” सुनेने विचारलं.

“काय होणार? आतून फुटतं. लगदा होतो नुसता. हजारदा सांगितलंय तुला...” बोलता बोलता त्यांनी डॉक्टरांकडे बघितलं.

“तसंच,” डॉक्टर म्हणाले. “पुढचं पुढे बघू, पण ही गाठ मारायला तेच करतो आम्ही.”

सासूबाई परत आल्या आणि सुनेच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. पर्स तिच्या मांडीवर ठेवली.

“मग हिलाही आत घ्या, डॉक्टर. या कामात हिचा हात कुणी धरणार नाही.”