गावठी अंडी

"मॅडम, आमच्या कोंबड्यांची अंडी तुम्ही स्वतः खाल का?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून तेजलने भर वर्गात उठून विचारलंच. मागच्या बाकांवर खसखस पिकली. शास्त्रज्ञ मॅडम वर्षभर गावातली अंडी तपासायला नेत होत्या आणि आज निकाल सांगायला आल्या होत्या. सगळ्यात जास्त अंडी तेजलनेच दिली होती, तीही मोठ्या ऐटीत.

मॅडम हसल्या नाहीत. "नाही गं बाळा, मी नाही खाणार." कारखान्यांचा कचरा जाळतात, त्याचं विष मातीत उतरतं, कोंबड्या तीच माती टिपतात आणि ते बलकात साठतं, असं त्यांनी सांगितलं.

"उकडून खाल्लं तरी?"

"तरीही. एकदा अंगात गेलं की वर्षानुवर्षं निघत नाही. आईकडून बाळाकडे मात्र जातं."

तेजल मटकन खाली बसली. बाळंतपणाला माहेरी आलेल्या ताईला ती रोज सकाळी दोन अंडी स्वतः सोलून भरवायची. "खा गं, भाचा पैलवान झाला पाहिजे माझा!"

घरी तिने रडत रडत सगळं सांगितलं. ताईने पोटावर हात ठेवला, तो काढलाच नाही. आई म्हणाली, "कापून टाकू सगळ्या." शेवटी बाबा म्हणाले, "बुधवारी बाजारात नेतो कोंबड्या. गावठी आहेत, हातोहात जातील."

"नाही बाबा! बाजारातही कुणाची तरी ताई येईलच ना? आई, तूही ऐक, मी ठरवलंय. विकायच्या नाहीत, कापायच्याही नाहीत. मरेपर्यंत त्यांना मी सांभाळणार."