कानातलं मशीन

भाजलेल्या हाताची पट्टी बदलायची म्हटलं की म्हातारा शिंपी हात छातीशी ओढून घ्यायचा. दुखण्यावरून लक्ष हटावं म्हणून नर्सने हेडफोनवर बासरी ऐकवली, मग झऱ्याची खळखळ. “सिस्टर, झरा बंद करा, सारखं बाथरूमला जावंसं वाटतं,” तो कण्हत म्हणाला. बोटं हलवली नाहीत तर कायमची आखडतील, असं डॉक्टरांनी कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. त्याने करंगळीही हलवली नव्हती. आज सुनेने त्याचं शिलाई मशीन चालवून आवाज मोबाइलवर भरून आणला. तो कानात सुरू झाला आणि चादरीखाली म्हाताऱ्याचा पाय पायडल मारू लागला. नर्सने त्याच लयीत चिकटलेली पट्टी सोडवली. सुनेने तिला कोपराने ढोसलं: भाजलेली बोटं हलत होती, समोर नसलेलं कापड पुढे सरकवत होती. “झालं काका,” म्हणत नर्स हेडफोन काढायला वाकली. “थांबा,” तो पुटपुटला, “एक बाही राहिलीय.”