केशरचा गंधार

सुमंगलाने कानस खाली ठेवली, पेटी मिटली आणि गंधार दाबून पाहिला. छान मऊ लागला. तेवढ्यात तिचे वडील उमाजी शेतावरून आले आणि दारातच थबकले.

"आपली पेटी कुठं हाय?"

"हीच की, आबा. गंधार चढा होता, उतरवला."

"त्यो चढा न्हवता. तुझ्या आईचा व्हता."

कुंभारवाड्याच्या ओल्या हवेत पेटी दरसाल बिघडायची. मग उमाजी बायकोला, केशरला, समोर बसवायचे आणि ती म्हणेल तशी एकेका सुराची पितळी पट्टी घासायचे. गावाला दुसरं माप नव्हतं. केशरला जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं. तिचा आवाज कुणी फोनमध्येसुद्धा भरून ठेवला नव्हता.

धारवाडला शिकलेल्या सुमंगलाला गंधाराचा हिशेब तोंडपाठ. तंबोऱ्याच्या खर्जातून आपसूक उमटतो तो. षड्जाशी कंपनांचं पाचास चार, सरळ नातं. आईचा त्याहून चढा, एक्क्याऐंशीस चौसष्ट असल्या अवघड नात्याच्या आसपासचा. गुरुजींनी तो तिच्या गळ्यातून मोठ्या मेहनतीने काढून टाकला होता. आता पेटीतूनही गेला, आणि तिच्याच हाताने. तिला रडू आवरेना.

पट्टी पुन्हा घासून चढवता आली असती. पण नेमकी किती? आसपास म्हणून भागणार नव्हतं. डोळे मिटून तिने आईची ओवी म्हणून पाहिली. शहाणा झालेला गळा दर खेपेला पाचास चारवरच जाऊन बसला.

संध्याकाळी देवळात भजन होतं आणि पेटी तिच्याकडेच होती. परशू, म्हादू, शेजारची गिरजाकाकी, सगळ्यांनी सुरुवात झोकात केली, पण गंधारावर घोळ झाला. पेटी एकीकडे, गाव एकीकडे. आपल्या नव्या सुराने लोक बावरले, असं वाटून ती ओशाळली. तिने भाता मिटला आणि नुसत्या टाळांवर सगळ्यांबरोबर म्हणू लागली.

पुन्हा गंधार आला. गावाचे सगळे गळे एकाच जागी जाऊन थांबले. तिच्याहून जरासे वर.

गिरजाकाकीने तिला कोपराने ढोसलं. "नीट म्हण गो. तू एकटीच उतरतीस."

बेसूर ठरल्याचा इतका आनंद सुमंगलाला आयुष्यात कधी झाला नव्हता.