मंगळवारी मांडलेला सण

“इज दॅट लायिंग, मॉम?” केयाने विचारलं.

सुलेखा भिजवलेले काळे मनुके हाताने कुस्करत होती. त्यांचं सरबत व्हायचं होतं. अलिबागच्या त्यांच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, घरात पेसाहच्या सणाला द्राक्षारसाऐवजी हेच सरबत असायचं. अमेरिकेत श्रूजबरीला आल्यावरही त्यात बदल झाला नव्हता.

“आजोबांना आज सण आहे म्हणून सांगणं खोटं नाही,” ती म्हणाली. “एक जुनं कॅलेंडर आहे. त्याच्याप्रमाणे आज पेसाह आहेच.”

“हूज कॅलेंडर?”

“वाळवंटात राहणारा ज्यूंचा एक पंथ होता. दोन हजार वर्षांपूर्वी. ते लोक चंद्रावरून सण ठरवत नसत. त्यांचा पेसाह दर वर्षी मंगळवारी संध्याकाळी सुरू व्हायचा. आज मंगळवार आहे.”

“बट वी आर नॉट देम.”

सुलेखा मनुके कुस्करत राहिली.

सगळ्यांचा पेसाह एकोणीस एप्रिलला होता, शनिवारी. २००८च्या त्या वर्षी ज्यू पंचांगात अधिक महिना आला होता आणि त्याने सण लांब ढकलला होता. आज एप्रिलची पहिलीच तारीख. हॉलमध्ये भाड्याने आणलेल्या पलंगावर सुलेखाचे वडील, शालोम नवगावकर, पडून होते. आयुष्यभर त्यांनी अलिबागच्या शाळेत मुलांना शिकवलं होतं. सकाळी त्यांना तपासून निघालेली नर्स दाराशी थांबली होती आणि हळूच म्हणाली होती, हा आठवडा निघेल असं वाटत नाही.

पपांनी एवढ्यात एकच गोष्ट मागितली होती. या वर्षी सेदरला बसू दे. सेदर म्हणजे पेसाहच्या रात्रीचं जेवण. त्या जेवणाआधी घरातलं सगळ्यात लहान मूल विचारतं, ही रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी का? आणि घरातलं मोठं माणूस उत्तर म्हणून मिसर देशातल्या गुलामीतून सुटल्याची गोष्ट सांगतं. केयाने तो प्रश्न यंदा मराठीत पाठ केला होता, आजोबांसाठी.

सुलेखा कॉलेजात हाच विषय शिकवायची. जुने पंथ, त्यांची पंचांगं, त्यांच्यातली भांडणं. येशूने शिष्यांबरोबरचं शेवटचं जेवण सणाच्या आधीच का घेतलं, यावर तिचा एक आख्खा तास व्हायचा. काहींच्या मते तोही त्या जुन्या पंचांगाप्रमाणे जेवला असावा. ती फळ्यावर दोन रकाने आखून ते समजावून सांगायची. सणाच्या दिवशी आपण नसणार हे त्या माणसाला ठाऊक होतं, एवढं साधं कारण तिने कधी फळ्यावर लिहिलं नव्हतं.

ती हात पुसून हॉलमध्ये गेली.

“पपा, आज पेसाह.”

त्यांनी डोळे उघडले. तिच्याकडे बराच वेळ पाहिलं.

“आज?”

“हो.”

“बरं. मग मला नीट बसव. सणाला कोणी आडवं पडतं का?”

तिने पाठीशी उशा लावल्या. पलंगावरच्या ट्रेमध्ये बिनखमिराची रोटी, खजुराचा घट्ट पाक, कडू पाला आणि मीठपाण्याची वाटी मांडली. पपांनी सगळ्यावरून नजर फिरवली. मग खिडकीकडे पाहिलं.

“ब्लाइंड्स वर कर गं. चंद्र बघू.”

सुलेखा जागीच थांबली. पेसाह पौर्णिमेला असतो. आज अमावास्या जवळ आली होती.

“ढग आहेत, पपा.”

“असतील,” ते म्हणाले.

केया पलंगाशेजारी उभी राहिली. हात मागे बांधून, एकेक शब्द तोलून तिने विचारलं, “ही रात्र इतर सगळ्या रात्रींपेक्षा वेगळी का?”

पपा हसले. डोळे मिटून हसले.

“पपा, उत्तर?”

“मला दम लागतो. आज तू दे.”

“मी?”

“मग कोण, ती नर्स?”

सुलेखाने घसा साफ केला. “आता मिसरातल्या गुलामीचा तसा स्वतंत्र पुरावा काही...”

“फूटनोटा नकोत गं बाई. पोरगी उभी आहे.”

तिने पुन्हा सुरुवात केली. “आपण मिसरात गुलाम होतो.” आणि ती अडखळली. वर्गात ती नेहमी ‘ते’ म्हणायची. इतकी वर्षं सेदरला ती पपांच्या उजव्या हाताला बसली होती, मध्येमध्ये त्यांच्या चुका काढत. गोष्ट तिने कधीच सांगितली नव्हती.

ती सांगत गेली. विटा, चाबूक, रातोरात भिजवलेलं आणि फुगायला वेळच न मिळालेलं पीठ. ती अडली की पपा शब्द पुरवत नव्हते. फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या मुलासाठी थांबावं तसे थांबत होते. केयाने त्यांच्या हातावर गाल टेकवला. समुद्र दुभंगला, माणसं पार गेली. सुलेखाने तिथून भराभर गोष्ट संपवली.

मग तिने चमच्याने त्यांना सरबत पाजलं. त्यातलं थोडं हनुवटीवरून ओघळलं, ते तिने टिपलं. निदान एवढं तरी आपल्याला देता आलं, आणि आज खरा सण नाही हे त्यांच्या लक्षातही आलं नाही, असं तिला वाटलं.

पपांनी ओठ पुसून घेतले. श्वास जमवायला त्यांना वेळ लागला.

“जमलं तुला,” ते म्हणाले. “फक्त समुद्रापाशी घाई केलीस. एकोणीसला, शनिवारी सांगशील तेव्हा तिथे जरा थांब. पोरीला पाणी दिसलं पाहिजे.”