राजमणीचा सा

तिसरीच्या वर्गावर महादेवीचा गाण्याचा पहिला सराव पाठ होता. गुण देणारे गुरुजी शेवटच्या बाकावर वही उघडून बसले होते. मुलांनी 'सा' लावला. त्यात एकटी राजमणी कोकलली.

"अगं, हळू म्हण की."

"हळू म्हटलं तर आईला ऐकू जात न्हाई, बाई. घरात दोन मागांची खडखड असती."

गुरुजींनी वहीत काहीतरी लिहिलं. महादेवी गोंधळली.

"आज घरी एकदा हळू म्हणून तर बघ," ती कशीबशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी राजमणी घंटेच्या आधीच वर्गाच्या दारात उभी होती.

"बाई, लई हळू म्हटलं."

"मग? आईला ऐकू गेलं?"

"व्हय की. तिनं दोन्ही माग बंद केले."