निळ्या होडीचा सिनेमा

"शुक्रवारी उतरवतोय हा सिनेमा, काका," थिएटरचा मॅनेजर म्हणाला आणि ड्रायव्हरकाकांच्या हातातला चहा बशीत सांडला.

"का? माणसं येतात की!"

"येतात आणि भांडतात. अर्धी डोळे पुसत बाहेर पडतात, अर्धी माझ्या नावानं बोटं मोडत. पेपरवाल्यांचंही तेच. एक म्हणतो डोळ्यांचं पारणं फिटलं, दुसरा म्हणतो नुसते रंग आणि गाणी, गोष्टीचा पत्ता नाही. मालक कंटाळलेत."

काकांच्या घरातही यावरून दोन तट होते. मुलीला सिनेमा अतोनात आवडला होता. जावई मध्यंतरातच उठून आला होता.

"होडी आकाशात उडते, हिरॉईन छपरावर चढून गाते, आणि आपण खुर्चीत कुजायचं!"

"तुला प्रेमातलं काय कळतंय? बाबांना विचार, ते रोज जातात."

बाबा हसून ताट पुढे ओढायचे.

बायको गेल्यापासून त्यांना घर खायला उठलं होतं. ती सतत गुणगुणायची. भांडी घासताना, केस विंचरताना, अंथरुणाला पाठ टेकल्यावरसुद्धा. "बंद कर तुझा रेडिओ," असं काका जन्मभर म्हणत आले. आता रेडिओ कायमचा बंद झाला होता. रात्री डोळा लागत नव्हता, चेहरा उतरला होता, अन्नावरची वासना उडाली होती. हा सिनेमा लागला आणि कित्येक महिन्यांनी मुलीला बापाच्या तोंडावर तजेला दिसला. तिनं आईची शाल कपाटातून काढून दिली. "आत गार असतं, बाबा."

"काहीच करता येणार नाही का रे?" काकांनी विचारलं.

मॅनेजरनं कान खाजवला. "उद्या पेपरच्या बाई येतायत. सिनेमावर जीव टाकणारा प्रेक्षक हवाय त्यांना. तुम्ही बोला. चांगलं छापून आलं तर मालकांना गळ घालतो."

बाई तरुण होत्या, जिभेनं तिखट.

"काय एवढं आवडतं यात?"

"पहिलं गाणं," काका म्हणाले. "निळी होडी पाण्यावरून उठते, ढगांत जाते. ती मुलगी अगदी हळू गाते. कानाशी गायल्यासारखं."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर मी कुठे असतो, माझं मलाच कळत नाही, ताई."

बाईंचं पेन भराभरा चालू लागलं. "माझ्या शेजारचा तर घोरत होता."

"त्याला नावं ठेवू नका. दमला असेल बिचारा."

"बरं, शेवट पटला का? सगळं रण त्यावरूनच माजलंय."

काकांनी खांद्यावरची शाल सारखी केली. "शेवट मी सांगणार नाही. लोकांची मजा जाईल."

मॅनेजरनं मागून डोळा मिचकावला.

छापून आलं ते काकांच्या फोटोसकट. नाकं मुरडणारेही या म्हाताऱ्याला एवढं काय दिसतं ते बघायला परत आले. तिकीट खिडकीवर रांग लागली. मालकांनी सिनेमा ठेवला. मॅनेजरनं सांगितलं तेव्हा काका थिएटरच्या पायरीवरच बसले.

"सुटलो रे बाबा," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी जावईही बरोबर आला. "तुमच्यासाठी पुन्हा बघतोय, बाबा. पण काही कळलं नाही तर विचारीन हं."

"विचार की," काका म्हणाले. नेहमीची कोपऱ्यातली खुर्ची त्यांनी धरली. चष्मा काढून खिशात ठेवला, शाल हनुवटीपर्यंत ओढली. दिवे विझले. निळी होडी पाण्यावरून उठली, ढगांत गेली.

दुसऱ्या गाण्याला छपरावर एक नवीच बाई आली. जावयानं मान कलती केली.

"बाबा, ही कोण आता?"

काकांचं डोकं अलगद त्याच्या खांद्यावर टेकलं. तो त्यांना हलवणार, तोच टॉर्च घेऊन उभ्या असलेल्या, खुर्च्या दाखवणाऱ्या थिएटरच्या बाई लगबगीनं पुढे आल्या आणि ओठांवर बोट ठेवून कुजबुजल्या,

"उठवू नका हो त्यांना. पहिल्या गाण्याच्या पुढे ते कधी जागेच राहिलेले नाहीत."