रुंद दाराची खोली

“दार किती रुंद आहे, जरा मोजून सांगता का?” सुनेनं फोनवर विचारलं.

पलीकडचा माणूस हसला. “अहो ताई, माणसं आत जातात एवढं रुंद आहे!”

तिनं फोन ठेवला. सहलीसाठी भाड्याचं घर शोधताना सकाळपासून हेच चाललं होतं. ‘आमच्याकडे सगळी सोय आहे’ असं जो तो छातीठोकपणे सांगायचा आणि पायऱ्यांचं विचारलं की चाचरायला लागायचा. एकजण तर म्हणाला, “दोनच पायऱ्या आहेत, उचलून घेऊ की!” जणू माणूस म्हणजे कपाट.

सहलीची टूम सासूबाईंची. एरवी त्या घराचा उंबरा सोडायला तयार नसत, पण एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “कुठंतरी जाऊन येऊ या गं. गर्दी नको, खर्च बेताचा हवा. आणि पायऱ्या अजिबात नकोत. न्हाणीघरात धरायला दांडा, दारं रुंद. एवढं बघ.”

“रुंद कशाला?”

“असावीत,” म्हणत त्या भाजी घेऊन आत गेल्या.

रुंद दार कशाला लागतं, हे सुनेला कुणी शिकवायला नको होतं. दोन वर्षांपूर्वी तिच्या आईचं अर्धं अंग लुळं पडलं होतं. आई सुनेच्या भावाकडे असायची. पलंग, चाकाची खुर्ची आणि खिडकी, एवढंच तिचं जग उरलं होतं. एका आईचं हे असं झालं, आता दुसरीचंही?

त्याच आठवड्यात ती चष्म्याच्या दुकानातल्या कामावरून लवकर सुटली. वाटेत फिजिओथेरपीचा दवाखाना लागतो. त्याच्या दारातून सासूबाई बाहेर पडताना दिसल्या. चेहरा घामेजलेला, हात कमरेवर.

“दुपारी कुठं गेला होतात?” तिनं घरी आल्यावर सहज विचारल्यासारखं विचारलं.

“मैत्रिणीकडे. बसली होती बोलत, उठूच देईना.”

रात्री तिनं नवऱ्याला छेडलं. “तुझ्या आईला काही झालंय का?”

“तिला? तिला काय धाड भरलीय!” तो हसला खरा, पण मान मोबाइलमध्ये घातली ती वर काढली नाही.

म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. ज्याला लपवायचंय त्याला लपवू द्यावं. आपण आपल्या बाजूनं तयारीत असावं.

आणि तयारी करण्यात तिला जडही वाटत नव्हतं. आईच्या दुखण्यात ती कितीतरी दिवस माहेरी राहिली होती. ‘परत कधी येतेस’ असं सासूबाईंनी एकदाही विचारलं नाही. उलट रोज दोघींपुरता डबा धाडला. शेवटी ती थकून परतली, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “पाय वर घेऊन बस. चहा टाकते.” आभार मानायला तेव्हा तोंडातून शब्द फुटला नव्हता. आता निदान ही सहल तरी त्यांच्या मनासारखी व्हावी.

सुट्ट्यांत जायचं म्हणजे दुप्पट भाडं आणि पाय ठेवायला जागा नाही. म्हणून तिनं शाळा सुरू झाल्यानंतरचे, आठवड्याच्या मधले दिवस धरले. दुकानातल्या मैत्रिणीशी रजेची अदलाबदल केली. आणि एकदाची तळ्याकाठी घर भाड्यानं देणारी एक बाई सापडली. दाराचं विचारल्यावर ती हसली नाही. टेप घेऊन उठली, मोजून आली.

“खुर्ची आरामात वळते, ताई. उताराची फरशी घातलीय. माझे यजमान शेवटी खुर्चीतच होते ना.”

सुनेचे डोळे भरून आले. “फार उपकार झाले हो तुमचे,” ती म्हणाली.

ठरलेल्या दिवशी दोघी बसनं पुढं निघाल्या. नवरा अर्धा दिवस कामावर जाऊन मित्राच्या गाडीतून मागाहून येणार होता. बसमध्ये चढताना तिनं सासूबाईंचा दंड घट्ट धरला.

“अगं सोड की! पळून नाही जात मी.”

तळ्यावर चिटपाखरू नव्हतं. वाऱ्यानं पाणी तेवढं हलत होतं. सासूबाईंना मात्र पाण्याकडे बघायची फुरसत नव्हती. त्या आधी न्हाणीघरात शिरल्या आणि दांड्याला सगळा भार टाकून लोंबकळल्या. “पक्का आहे.” मग पलंगावर बसून उठून पाहिलं, पुन्हा बसल्या. “उंचीपण बरोबर.”

सुनेला राहवेना. ओसरीवर त्यांच्याशेजारी बसत ती म्हणाली, “मला सगळं कळलंय. तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ना, ते कधी बोलून दाखवता आलं नाही. पण आता तुमच्यावर वेळ आलीय, तर मी आहे. खुर्ची लागली, तरी मी आहे.”

सासूबाईंनी तिच्याकडे डोळे विस्फारून पाहिलं आणि झटकन तोंड तळ्याकडे फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. सुनेनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. रडू दे, मोकळ्या होतील.

तेवढ्यात गाडी येऊन थांबली. नवरा उतरला, त्यानं डिकी उघडली आणि घडीची चाकाची खुर्ची बाहेर काढली. सून उठली. हात पुढं केला.

“चला. मी धरते तुम्हाला.”

सासूबाईंनी तो हात हलकेच बाजूला केला. बाह्या सरसावल्या. तरातरा उतार उतरून खुर्ची उघडली, गाडीच्या मागच्या दाराशी लावली, दार उघडलं आणि गुडघे वाकवून आत झुकल्या.

“विहीणबाई, हात टाका माझ्या गळ्यात. घाबरू नका, महिनाभर शिकून आलेय मी.”